मोतीबागेतून मोतीबागेत

ती. आई व आबांस,
साष्टांग नमस्कार.

शिबिराला जातो म्हणून निघालो, ते खोटं होतं. समोर सांगितलं असतं तर आबा काही न बोलता गोठ्यात गेले असते आणि मी पुन्हा लंगोट कसला असता. पतियाळ्याला कुस्तीच्या कोचिंगचा डिप्लोमा करायला आलोय. फी भरली. आता मी खेळणार नाही.

गुडघा आहेच, पण तेवढंच नाही. आबा, तुम्ही कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पाऊण तास झुंजलात, निकाल लागेपर्यंत कुणी घड्याळ बघितलं नाही. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. तुमच्यासारखी मान दाबून समोरच्याचा दम काढायला गेलो की पंच ताकीद देतो. मग तीस सेकंदांत गुण घ्यायचा, नाहीतर तो त्याला. मी विसाव्या वर्षी मॅटवर आलो, अंगातली माती निघालीच नाही. यात तुमची काही चूक नाही. आपल्या गावात मॅट होती कुठं?

खाशाबा जाधवांचं तर तुम्हीच सांगायचा. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, आणि तिथं जायला त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. सवयीचा तेवढा फरक पडतो, आबा. तालमीतल्या बारक्या पोरांना ती वेळेत लावणारा कुणीतरी नको का? ओढ्याकाठच्या वावराचं मी विसरलेलो नाही. ते समोर बसून बोलू.

आणि गंमत म्हणजे, ही संस्था इथल्या महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात आहे. आपल्या मोतीबाग तालमीतनं निघालो ते मोतीबागेतच आलो!

आई, जेवणाची काळजी करू नकोस. दूध-लोणी म्हणशील तेवढं. भाकरी तेवढी नाही, आणि तुझ्या ठेच्याची बरणी पंजाबी पोरांनी चार दिवसांत पुसून खाल्ली. पहाटे चारला अजून जाग येते. पाट्यावर तू बदाम वाटायला लागलीस की मी गोधडीत आणखी आत शिरायचो आणि आबा पायाचा अंगठा ओढायचे. इथं कुणी ओढत नाही, तरी पाय आत घेतो.

आता ऐका. आबा, खुराक पैलवानाचा आणि मेहनत बंद, मग साखर वाढणार नाही तर काय? रात्रीचं तूप बंद. आई, गुपचूप वाढू नकोस, मला कळतं. गोळी चुकवायची नाही. पोरांना डाव दाखवायला हौद्यात उतरायचं नाही, कट्ट्यावरनं तोंडानं सांगा, तुमचा आवाज पुरतो. एक म्हैस विका, आईची कंबर बघा जरा. काळी मात्र राहू दे.

दिवाळीला येतो. आबा बोलले नाहीत तरी चालेल, मी गोठ्यात येऊन बसेन.

माझा लंगोट माडीवरच्या खुंटीला आहे. धुऊन ठेव, आई. कुणाला देऊ नकोस.

तुमचा,
बाळू