मासे, दूध आणि कोड : सदानंदास पत्र

पुणे

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि मुग्धाच्या पायांचे फोटो मिळाले. डॉक्टरांनी कोडाचे निदान केल्यापासून घरात तिच्यापुरती मासळीही बंद आणि दूधही बंद, आणि लहानपणी कधीतरी मासे खाल्ल्यावर आपणच तिला दूध पाजले असेल या विचाराने वहिनी रात्र रात्र झोपत नाहीत, हे वाचून मन फार अस्वस्थ झाले. मी इतकी वर्षे त्वचेच्या रंगपेशींवर काम करतो आहे म्हणून तू मला विचारले आहेस, तेव्हा उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. मुग्धाच्या ताटात आजपासून बांगडा वाढा आणि रात्री तिला हवे असेल तर दूधही द्या. तिच्या पायावरचे डाग या दोहोंपैकी कशानेही आलेले नाहीत, आणि वहिनींच्या हातून काहीही चुकलेले नाही.

माशांवर दूध घेतल्याने कोड होते, हे काकूंचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मासे आणि दूध एकत्र घेऊ नयेत हे चरकसंहितेत विरुद्ध आहाराच्या प्रकरणात आलेले आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या ते पाळले गेले आहे. पण त्याचा कोडाशी जोडलेला संबंध तपासून पाहिला तर टिकत नाही. बांगड्यातले प्रथिन असो की दुधातले केसीन, जठरात आणि लहान आतड्यात त्यांचे इतके बारीक तुकडे होतात की रक्तात पोहोचतात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्ले, आणि ती माशाची की म्हशीची हे शरीराला कळायला काही वाव उरत नाही. त्या अमिनो आम्लांपैकी एक आहे टायरोसीन. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन टायरोसीनपासूनच तयार होते. टायरोसिनेज नावाचे, तांब्याचे अणू असलेले विकर (एन्झाइम) त्याची पहिली पायरी घडवते. म्हणजे जे दोन पदार्थ तुम्ही बंद केले आहेत, त्या दोहोंत रंगद्रव्याचा कच्चा माल भरपूर आहे. शिवाय ज्या घरांत पिढ्यानपिढ्या मासळी शिजलेली नाही त्या घरांतही कोड होते, आणि आयुष्यभर गवत खाणाऱ्या घोड्यांनाही होते. अरबी जातीच्या घोड्यांत नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांभोवती असे पांढरे डाग येतात, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे.

मग होते काय, ते सांगतो. त्वचेच्या बाह्यस्तराच्या अगदी तळाशी पेशींची एक ओळ असते, आणि त्या ओळीत साधारण दहा पेशींमागे एक रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, बसलेली असते. तिला लांब फाटे असतात. त्या फाट्यांतून ती आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना मेलॅनिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पुरवते. तुझ्या कातडीत आणि एखाद्या नॉर्वेजियन माणसाच्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या पिशव्यांच्या आकारात, संख्येत आणि त्यांतल्या रंगद्रव्यात. कोडाच्या चट्ट्याच्या मधला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर बाकी सगळी कातडी जागच्या जागी, निरोगी दिसते, फक्त रंगपेशी तेवढ्या नसतात. पण पसरत्या चट्ट्याच्या अगदी कडेचा तुकडा पाहिला की प्रकार उघड होतो. जिथे रंग संपतो आहे नेमक्या त्याच रेषेवर, तळाच्या ओळीला चिकटून, लहान गोल गडद केंद्रकांच्या पेशी गोळा झालेल्या असतात. त्या आपल्याच रक्तातल्या टी पेशी असतात, एरवी विषाणूने बाधित पेशी शोधून मारणाऱ्या. इथे त्या रंगपेशींना मारत असतात. मी हे दृश्य असंख्य वेळा पाहिले आहे आणि तरीही प्रत्येक वेळी तिथे नजर खिळते, कारण शेजारच्या एकाही पेशीला धक्का न लावता इतक्या नेमकेपणाने एकाच जातीची पेशी टिपली जाते.

हे आपल्याला कळले ते बव्हंशी प्राण्यांमुळे, आणि तुझ्या घरात प्राणिज प्रथिनांवर बंदी आलेली असताना मला हे विशेष सांगावेसे वाटते. ॲरन लर्नर नावाचे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ होते. कातडी कशाने काळी पडते आणि कशाने उजळते, हा त्यांच्या आयुष्यभराचा ध्यास होता. डुकरांच्या पीयूष ग्रंथींमधून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात एक संप्रेरक (हार्मोन) शुद्ध स्वरूपात वेगळे केले, अवघ्या १३ अमिनो आम्लांची साखळी असलेले. रंगपेशींना मेलॅनिन बनवायला लावणारे हेच ते अल्फा-एमएसएच. दुसरीकडे, १९१७ सालीच असे दिसले होते की गाईच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचा अर्क खाऊ घातला की बेडकाची पिल्ले जवळजवळ पारदर्शक होतात. त्या अर्कातला कर्ता पदार्थ कोडावर प्रकाश टाकील या आशेने लर्नर येल विद्यापीठात त्याच्या मागे लागले, कत्तलखान्यांतून आलेल्या लाखाहून अधिक ग्रंथी त्यांनी वापरल्या आणि १९५८ मध्ये त्यांच्या हाती लागले ते मेलॅटोनिन. बेडकाच्या कातडीवर ते अत्यंत प्रभावी ठरले, पण माणसाच्या रंगावर त्याचा काही परिणाम दिसला नाही. आज जग त्याला झोपेच्या संदर्भात ओळखते. अल्फा-एमएसएचचे मात्र पुढे काहीतरी झाले. त्याची प्रयोगशाळेत बनवलेली, जास्त काळ टिकणारी प्रतिकृती, अफामेलॅनोटाइड, उन्हाने असह्य वेदना होणाऱ्या एका दुर्मीळ आजारावर युरोपात २०१४ पासून मान्यताप्राप्त आहे. अतिनील प्रकाशाबरोबर दिल्यास कोडाच्या डागांत रंग लवकर परततो, आणि सावळ्या कातडीत तो परिणाम अधिक दिसतो, असे तिच्या चाचण्यांत आढळले आहे. मात्र कोडासाठी ती आज सर्रास मिळणारी गोष्ट नाही, तेव्हा तिच्या मागे धावू नकोस.

याहून मोलाची गोष्ट कोंबड्यांनी शिकवली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जे. रॉबर्ट स्मिथ यांनी पिसांचा रंग जाणाऱ्या कोंबड्यांचा एक वाण जोपासला. त्या वाणातली पिल्ले नेहमीच्या रंगाची जन्मतात आणि वाढीच्या वयात त्यांची बहुतेकांची पिसे पांढरी होत जातात. संशोधकाच्या दृष्टीने यात एक विलक्षण सोय आहे. कोंबडीचे वाढते पीस ही जिवंत ऊती असते, तिच्या मुळाच्या गरात रंगपेशी असतात आणि रंगपेशींवर हल्ला करणाऱ्या पेशीही असतात. त्यामुळे दर काही दिवसांनी एखादे पीस उपटून, त्याच पक्ष्यात, रोग सुरू होण्याआधी, सुरू होताना आणि नंतर काय घडले हे पाहता येते. माणसाच्या मुलाची कातडी अशी वारंवार कोण कापू देईल? या कोंबड्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लांना टर्कीच्या नागीणवर्गीय विषाणूची जी नेहमीची लस देतात, ती दिली नाही तर रोगाचे प्रमाण बरेच घटते. जनुके तीच, पण ठिणगी बाहेरून पडावी लागते. माणसातही असेच असावे, कारण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्याला ते होण्याचे प्रमाण एका मोठ्या पाहणीत २३ टक्के निघाले होते. एकाच साच्यातली दोन माणसे, आणि तरी चारांत तिघांचे जुळे भावंड सुटते. (वहिनींच्या काळजीत लशीची भर पडू नये म्हणून लगेच सांगतो, माझे हे बोलणे कोंबड्यांच्या त्या एका लशीपुरतेच आहे. मुग्धाच्या लशी अजिबात चुकवू नका.)

शेवटचा धागा उंदरांनी दिला. साध्या उंदराच्या रंगपेशी बहुतांशी केसांच्या मुळांतच असतात, म्हणून त्याच्यात माणसासारखे कोड घडवून आणणे अवघड होते. जॉन हॅरिस यांच्या गटाने २०१२ मध्ये असा उंदीर वापरला की ज्याच्या त्वचेच्या बाह्यस्तरातही रंगपेशी टिकून राहतात, आणि रंगपेशींमधल्या एका प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशी त्याला टोचल्या. त्याच्या कानांवर, शेपटीवर आणि पावलांवर पांढरे चट्टे आले. मग साखळी उलगडत गेली. टी पेशी गॅमा इंटरफेरॉन हे निरोप देणारे प्रथिन सोडतात, त्याने आजूबाजूच्या त्वचापेशी सीएक्ससीएल१० नावाचे प्रथिन सोडतात, आणि त्या प्रथिनाचा माग काढत आणखी टी पेशी येतात. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारी जेएके ही विकरे रोखली की हे चक्र मंदावते. त्यावर आधारलेले रुक्सोलिटिनिबचे मलम जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मंजूर झाले. कोडात रंग परत आणण्यासाठी तिथे मंजुरी मिळालेले ते पहिलेच औषध. त्याच्या चाचण्यांत, २४ आठवड्यांनी चेहऱ्यावरचा तीन-चतुर्थांश रंग परतलेले रुग्ण साधारण ३० टक्के होते. हा आकडा तुला लहान वाटेल, पण शतकानुशतके अंदाजाने चाललेल्या उपचारांनंतर हे औषध रोगाचे यंत्र समजून घेऊन तयार झाले आहे, आणि म्हणून मला त्याचे मोल फार वाटते. हे मलम किंवा त्याच जातीचे दुसरे औषध मुग्धाला योग्य आहे का, हे तिच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचार.

आता फोटोंविषयी. उजव्या घोट्यावरच्या चट्ट्यात मला केस काळे दिसतात. ही चांगली खूण आहे, कारण केसाच्या मुळात रंगपेशींचा साठा शिल्लक असतो आणि उपचाराला यश आले की रंग तिथूनच वर येतो. पांढऱ्या चट्ट्यात एकेका केसाभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटतात, मोठे होतात आणि एकमेकांना मिळतात. पायाच्या बोटांच्या टोकांना केसच नसतात, म्हणून तिथले डाग हट्टी असतात. हे तिला आधीच नीट सांग, नाहीतर घोट्यावरचा डाग भरला आणि बोटाचा नाही म्हणून ती औषध अर्ध्यावर सोडील. तिच्या पाठीवरच्या तिळाभोवती जे पांढरे वलय तू म्हणतोस, तोही बहुधा याच घराण्यातला प्रकार आहे. पण तो तीळ डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखव, फोटोवरून मी बोलणार नाही.

दोन्ही घोट्यांवरचे डाग सँडलच्या पट्ट्याखालीच आहेत हे तुझ्या लक्षात आले का? कोड पसरत असताना जिथे घासते, खरचटते, भाजते तिथे नवा डाग उठतो. तेव्हा ते सँडल काढून टाक आणि मऊ, सैल पादत्राण घे. याच कारणासाठी शेजाऱ्यांनी दिलेले बावचीचे तेल लावून तिला उन्हात बसवणे ताबडतोब थांबव. बावची निरर्थक आहे असे मुळीच नाही. तिच्यातले सोरॅलेन हे खरोखर प्रभावी द्रव्य आहे आणि आधुनिक प्रकाशोपचाराचा एक प्रकार त्यावरच उभा आहे. पण ते द्रव्य उन्हाची तीव्रता कातडीत अनेक पटींनी वाढवते, त्यामुळे मात्रा न मोजता केलेल्या उपायाने फोड येतात, आणि त्या फोडांच्या जागी पुन्हा पांढरे डाग. त्याऐवजी रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातल्या अतिनील प्रकाशाचे यंत्र कुठे आहे ते डॉक्टरांकडून समजून घे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने, न कंटाळता जावे लागते. थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घे, कारण हेच प्रतिकारयंत्र कधी कधी त्या ग्रंथीवरही उठते. आणि पसरते कोड आहे तोवर त्वचारोपणाच्या शस्त्रक्रियेचा विचार कोणी सुचवला तरी नको. डाग निदान वर्षभर स्थिर राहिल्यावरच तिचा उपयोग होतो.

शाळेतल्या ज्या बाईंनी तिला वेगळ्या बाकावर बसवले, त्यांना तू स्वतः जाऊन भेट. कोड स्पर्शाने, कपड्यांनी, पाण्याने, कशानेही पसरत नाही. त्यांच्या मनात कुष्ठरोगाची भीती असेल तर सांग की त्या रोगाच्या फिकट चट्ट्याला संवेदना बहुधा कमी असते किंवा नसते आणि मुग्धाच्या चट्ट्याला ती पूर्ण आहे. शिवाय कुष्ठरोगसुद्धा आज औषधाने पूर्ण बरा होतो आणि त्याच्याही रुग्णाला कोणी वेगळे बसवण्याचे कारण नाही. या एका गोष्टीबद्दल मला खरा संताप आला. तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या पायांपेक्षा त्या बाकाची इजा मोठी आहे, आणि तिच्यावर मलम नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्या माणसांना एकत्र आणण्याचे काम करते. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन ये, आपण तिथे जाऊ. ही अवस्था पार करून शिक्षण, नोकरी, संसार सगळे करणारी माणसे तिने प्रत्यक्ष पाहावीत अशी माझी फार इच्छा आहे.

तोवर दर महिन्याला एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढत जा आणि मला पाठवत जा. डाग वाढतो आहे की थांबला आहे हे रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला कळत नाही, मोजपट्टीला कळते. तपासणीचा अहवाल आला की तोही पाठव.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. वहिनींना नमस्कार, मुग्धाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीनिवास