आधी वाचूत, मग लिहूत: लातूरच्या मामांस आभारपत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानात येणारा प्रत्येक जण तुम्हाला मामा म्हणतो, म्हणून मीही तेच संबोधन वापरतो आहे. माझ्या संगणकाचा बंद पडलेला मदरबोर्ड तुम्ही चालू करून दिलात त्या दिवशी अंबाजोगाईची शेवटची एसटी गाठायची असल्याने मला धड आभारही मानता आले नाहीत. शिवाय तुम्ही जे केले ते माझ्यासारख्या इतर डीटीपीवाल्यांनाही कळावे असे वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

घडले ते माझ्याच आगाऊपणामुळे. भर लग्नसराईत पत्रिकांची कामे साचलेली असताना मी जुना पण माझ्याकडच्यापेक्षा वेगवान असा एक प्रोसेसर विकत घेतला आणि तो बसावा म्हणून मदरबोर्डाचे बायोस, म्हणजे बोर्डावरच्या एका चिपमध्ये साठवलेले, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर, नव्या आवृत्तीवर न्यायला बसलो. एप्रिलची दुपार होती, आभाळ भरून आले होते आणि अवकाळीच्या पहिल्या वाऱ्याला आमच्याकडे वीज जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूबलाइट होती, संगणक नव्हता. निम्म्याहून अधिक काम झाले असताना वीज गेली. ती परत आल्यावर पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळा तो काळाच. बोर्ड साधा असल्याने त्यावर दुसरी राखीव चिप नव्हती आणि पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचे बटणही नव्हते.

दुसऱ्या एका ठिकाणी ‘बोर्ड डेड आहे, नवा घ्या’ असे उत्तर मिळाले. मग मी स्वतःच उपाय करायचा म्हणून सीएच३४१ए हा स्वस्तातला प्रोग्रामर (चिपमधला डेटा वाचणारे आणि लिहिणारे छोटे उपकरण) आणि चिपला लावायची क्लिप मागवली. ती लावण्याआधी ओळखीच्या एकाने तुमचा नंबर दिला, हे माझे नशीब. फोनवर तुम्ही पहिली गोष्ट सांगितलीत ती अशी की हार्डडिस्क वेगळी असते, बायोस गेल्याने तिच्यातल्या फाइलींना काही होत नाही. अडीचशे पत्रिकांचे प्रूफ अडकलेल्या माणसाला त्या एका वाक्याने किती धीर आला, हे तुम्हाला कदाचित जाणवलेही नसेल. दुसरी गोष्ट तुम्ही विचारलीत: चिपवर शेवटचे अक्षर कोणते आहे?

मला त्या प्रश्नाचे महत्त्व कळलेच नव्हते. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या त्या आठ पायांच्या चिपवर मी मोबाइलचा उजेड तिरका पाडून वाचले: विनबाँड, २५क्यू१२८एफडब्ल्यू. तुम्ही लगेच म्हणालात, ‘क्लिप लावू नका. बोर्ड घेऊन या.’ लातूरला आल्यावर तुम्ही समजावून सांगितलेत की शेवटी ‘एफव्ही’ असते तर ती ३.३ व्होल्टची चिप असती. ‘एफडब्ल्यू’ मात्र १.६५ ते १.९५ व्होल्टवर चालते. माझा प्रोग्रामर चिपला ३.३ व्होल्ट देतो, आणि त्याच्या काळ्या रंगाच्या प्रकारात डेटाच्या वायरींवर तर ५ व्होल्टपर्यंत दाब येतो. म्हणजे मी घरीच क्लिप चिकटवली असती, तर अर्धवट पुसलेली चिप कदाचित कायमचीच जळाली असती. मामा, दुरुस्तीच्या आधी मला थांबवल्याबद्दल मी तुमचे आभार सर्वांत आधी मानतो.

बोर्ड मी पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून आणला होता, त्यावरून तुमची बोलणीही खाल्ली. ‘असल्या पिशवीत घासून स्थिर वीज तयार होते, यापेक्षा वर्तमानपत्रात आणला असता तर बरं,’ हे तुमचे म्हणणे मी आता दुकानात येणाऱ्या इतरांना ऐकवत असतो.

तुम्ही वीजपुरवठ्याची वायर काढलीत, गोल सेल काढलात, चालू करण्याचे बटण थोडा वेळ दाबून धरून उरलीसुरली वीज जिरवलीत. चिपच्या कोपऱ्यातला बारीक ठिपका शोधून क्लिपची लाल वायर त्या बाजूला घेतलीत आणि मध्ये १.८ व्होल्टचा अडॅप्टर लावलात. मला वाटले, आता नवी फाइल भरणार. तुम्ही मात्र म्हणालात, ‘घाई करू नका. आधी वाचूत, मग लिहूत.’ पहिल्या दोन वाचनांच्या फाइली एकमेकींशी जुळल्या नाहीत. तुम्ही न चिडता क्लिप काढलीत, आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या ब्रशने आठही पाय पुसलेत आणि पुन्हा वाचलेत. तिसरे आणि चौथे वाचन तंतोतंत जुळले, तेव्हाच तुम्ही ती फाइल तारीख टाकून माझ्या पेनड्राइव्हवर ठेवलीत.

मग तुम्ही ती फाइल उघडून दाखवलीत. सुरुवातीला नवी आवृत्ती, पुढे जुनी, आणि दोघींच्या मध्ये एफएफ, एफएफ, एफएफ अशा ओळीच ओळी. फ्लॅश चिपमध्ये लिहिण्यापूर्वी तेवढी जागा पुसावी लागते आणि पुसली की तिथे सगळीकडे एफएफ उरते. नेमकी पाटी पुसून झाली आणि खडू उचलण्याआधी वीज गेली, असे तुम्ही म्हणालात. आठ दिवस ज्या काळ्या पडद्याकडे मी डोळे लावून बसलो होतो, त्याचे कारण त्या ओळींत उघडे पडले होते.

कंपनीची फाइल जशीच्या तशी का चालत नाही, हेही तिथेच कळले. चिपची क्षमता १,६७,७७,२१६ बाइट, आणि फाइल भरली १,६७,७९,२६४. वरचे २,०४८ बाइट म्हणजे अपडेट करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लावलेले नुसते वेष्टन. ते कापून काढावे लागते. शिवाय कंपनीची फाइल सर्वांसाठी एकच असते, तिच्यात माझ्या बोर्डाचा अनुक्रमांक आणि ओळखक्रमांक नसतो. तुम्ही जुन्या वाचनातून ते उचलून नव्या फाइलीत त्याच जागी बसवलेत. संगणकाशी परवाना बांधलेले माझे एक जुने सॉफ्टवेअर आज विनातक्रार उघडते ते त्यामुळेच. आधी वाचून ठेवले नसते तर ते आकडे आणायचे कुठून?

लिहिणे आणि पडताळणी चालू असताना तुम्ही १९९९ ची गोष्ट सांगितलीत. त्या वर्षी २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसने अनेकांच्या बोर्डांचे बायोस उडवले होते. तेव्हा चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या असत. तशाच दुसऱ्या बोर्डाची चांगली चिप लावून संगणक चालू करायचा, तो चालू असतानाच ती उपटून मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर लिहायचे. ‘हात थरथरायचे,’ असे तुम्ही हसत म्हणालात; माझे तर ऐकतानाच थरथरले.

नंतरचे ते दीड मिनिट मी विसरणार नाही. पंखा फिरत होता, पडदा काळा होता, मी तुमच्याकडे बघत होतो आणि तुम्ही शांतपणे चहा फुंकत होतात. रॅमची जुळवणी पहिल्या वेळी वेळ खाते, एवढेच म्हणालात. मग कित्येक वर्षे मागे गेलेली तारीख आणि ‘एफ१ दाबा’ हा संदेश आला. इतका सुंदर संदेश मी आजवर एकाही पत्रिकेत जुळवलेला नाही.

नव्या बोर्डाच्या किमतीच्या मानाने तुम्ही घेतलेले पैसे फारच थोडे होते. पत्रिका वेळेत गेल्या, नवा प्रोसेसर बसला, आणि संगणकाची वायर आता इन्व्हर्टरवर घेतली आहे. बोर्ड परत नेण्यासाठी तुम्ही दिलेली चंदेरी पिशवी माझ्याकडेच राहिली आहे. पुढच्या आठवड्यात कागद घ्यायला लातूरला गंजगोलाईत येणार आहे, तेव्हा ती आणून देतो.

आपला नम्र,
अंबाजोगाईचा एक डीटीपीवाला