चेटकिणींचे खटले मध्ययुगातले नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपात स्त्रियांना चेटकीण ठरवून जाळले जाई, हा उल्लेख आपल्याकडील लेखांत व भाषणांत वारंवार येतो; पण ‘मध्ययुगीन अंधार’ एवढे म्हटले की विषय संपतो. वास्तविक या खटल्यांचा भर होता तो साधारण १५६० ते १६५० या काळात, म्हणजे छापखाने रुळल्यावर आणि विद्यापीठांतून कायदा शिकून आलेले पदवीधर न्यायालयांत बसू लागल्यावर. छळ करून कबुली घेण्याला तेथे कायद्याचाच आधार होता.

ग्रहगतीचे नियम मांडणाऱ्या योहानेस केप्लरच्या आईचीच हकिकत पाहावी. काथारिना केप्लर ही जर्मनीतील लेऑनबर्ग या गावची. नवरा भाडोत्री सैनिक. तो लढाईवर गेला आणि परतलाच नाही. मुलांचे तिने पाहिले, झाडपाल्याची औषधे देत राहिली, आणि बोलायला ती फटकळ होती. १६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड या शेजारणीने, काथारिनाने दिलेल्या कडू पेयामुळे आपल्याला दुखणे जडले, असा आरोप केला. केप्लर कुटुंबाने उलट अब्रुनुकसानीचा दावा लावला. पण एकदा नाव घेतले गेल्यावर गावात कोणाचा लुळा पडलेला पाय, कोणाची दगावलेली मुले, असे वर्षानुवर्षांचे सगळे दुःख तिच्याच खाती जमा होऊ लागले. ऑगस्ट १६२० मध्ये तिला अटक झाली आणि सत्तरी ओलांडलेली ही म्हातारी सुमारे चौदा महिने साखळदंडांत राहिली.

आरोप करणारीही स्त्रीच होती, हे येथे सोडून देता येत नाही. स्वयंपाक, बाळंतपण, आजाऱ्याची शुश्रूषा ही कामे बायकांच्याच हाती असल्याने मूल दगावले की संशय प्रथम त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या बाईवर जाई. पाठीशी नवरा नसेल, तर तिच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नसे. युरोपभर सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसांना या आरोपाखाली मृत्युदंड झाला, त्यांत स्त्रिया अंदाजे तीन-चतुर्थांश होत्या. सर्वत्र मात्र असे नव्हते. आइसलँडमध्ये जाळले गेले ते जवळजवळ सगळे पुरुषच, त्यामुळे ‘पुरुषांनी बायकांविरुद्ध रचलेला कट’ हे सोपे स्पष्टीकरणही पुरत नाही.

काथारिनाचे नशीब एवढेच की तिचा मुलगा सम्राटाचा गणिती होता. तो लिंत्सहून हातातले काम टाकून आला आणि त्याने तिच्या बचावाचे प्रदीर्घ निवेदन तयार केले. त्याने चेटूक नसतेच असे म्हटले नाही (म्हटले असते तर त्या न्यायालयात कोणी ऐकून घेतले असते, असे मला वाटत नाही). एकेका आरोपाला आजारपण, वय, जुने वैर अशी साधी कारणे त्याने दाखवली. अखेर ट्यूबिंगनच्या कायदेपंडितांच्या सल्ल्यावरून तिला केवळ छळाची हत्यारे दाखवून धमकावण्यात आले. तिने काहीही कबूल केले नाही आणि ऑक्टोबर १६२१ मध्ये ती सुटली. पुढच्या एप्रिलात तिचा मृत्यू झाला.

आपल्या विज्ञानविषयक पानावर केप्लर येतो तेव्हा या खटल्यालाही जागा मिळावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक