हेडफोन माझ्या कानांवर चढवणाऱ्या साउंडदादांना

प्रिय दादा,

तुम्ही काम थांबवलंत हे मला युनिटच्या ग्रुपवर कळलं. अंगठे आणि फुलं टाकून सगळे मोकळे झाले. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. समोर येऊन बोलले असते, तर तुम्ही ‘जेवलीस का’ म्हणत विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

प्रवासाच्या कार्यक्रमात लोकांना अँकर दिसते, डोंगर दिसतो, फार तर कॅमेऱ्याचं कौतुक होतं. साउंड लोकांच्या लक्षात येतो तो फक्त बिघडल्यावर. त्यात कॅमेरा आणि साउंडचं नातं सासू-सुनेचं. आम्हाला फ्रेम मोठी हवी, तुम्हाला बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, तोंडाजवळ हवा. मी कॅमेरा असिस्टंट म्हणून आले तेव्हा माझ्या डिपार्टमेंटने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की साउंडवाल्यांना फार डोक्यावर चढवायचं नाही!

मग साम्रदची सांदण दरी आली. दोन्ही बाजूंनी सरळ उभे कातळ आणि मधल्या घळीत ऊन येतं ते जेमतेम. ते हातचं जाऊ नये म्हणून सगळ्यांची धावपळ चाललेली. अँकरचा पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा तुकडा, ओके झाला, पुढच्या शॉटसाठी ट्रायपॉड उचलला, आणि तुम्ही हात वर केलात. ‘तीस सेकंद. कुणी हलायचं नाही.’ डायरेक्टरने कपाळाला हात लावला. तुम्ही शांतपणे स्वतःचे हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवलेत.

मला वाटलं होतं, काहीच ऐकू येणार नाही. पण आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. थेंब पडायचा, त्याचा आवाज कातळावर आपटून परत यायचा, आणि तो विरायच्या आत पुढचा पडायचा. तुम्ही खुणेनेच विचारलंत, कुठे? मी कॅमेरा घेऊन शोधत गेले. शेवाळलेल्या एका कपारीखाली चिमुकलं डबकं होतं. एडिटरने तो भाग त्याच शॉटने उघडला.

प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि अँकरची दोन वाक्यं जोडताना मध्ये त्याच जागेची शांतता भरली नाही तर कट कानाला टोचतो, हे तुम्ही नंतर जीपमध्ये समजावलंत. आज मी कुठेही गेले की आधी उभी राहून ऐकते, मग लेन्स निवडते. कॅमेऱ्याच्या शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं.

लोणारला 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं होतं, आणि सगळ्यांना तेच हवं होतं. आपण गेलो तेव्हा पाणी नेहमीचं हिरवट. सगळे हिरमुसले. तुम्ही मात्र झाडीच्या कडेला बूम धरून मोरांची केका टिपत बसलात. तो भाग त्या केकेवर तरला, असं मी आजही म्हणेन, डायरेक्टरला पटो न पटो. कासच्या पठारावर वाऱ्याने कॉलरला लावायच्या लेपल माइकची वाट लावली होती, तेव्हा अँकरच्या जॅकेटच्या आतून चिकटपट्टीने माइक बसवायची तुमची युक्ती आमच्याकडे अजून वापरतात.

पण हे पत्र खरं तर एका रकान्यासाठी आहे.

सूर्योदयाचा शॉट म्हणजे पहाटेचा कॉलटाइम, आणि नंतर दिवसभर गडावर किंवा माळावर. मी पाणी पिणं टाळायचे. आउटडोअरला जाणाऱ्या आम्हा बहुतेक बायकांना ही सवय असते, ती का ते कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. माझी बाटली संध्याकाळीही भरलेलीच असते, एवढं तुम्ही पाहिलं असणार. पुढच्या रेकीच्या, म्हणजे शूटआधी जागा बघून येण्याच्या, कागदावर पार्किंग, वीज, नेटवर्क यांच्याखाली पेनाने एक ओळ वाढलेली होती : शौचालय – कुठे, किती अंतरावर, कुणाला विचारायचं. अक्षर तुमचं. समोर पायथ्याच्या एका घराची खूण, आणि ‘मावशींशी बोललोय’. प्रॉडक्शनवाल्याने ‘हे कशाला’ म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘मला लागतं.’ माझं नावही घेतलं नाहीत.

तो रकाना आता छापील फॉर्मवर आहे. नवीन मुलींना वाटतं, तो पहिल्यापासूनच होता. असू दे. तुम्हाला तेच आवडेल.

सेकंड कॅमेरा माझ्या हातात द्या म्हणून तुम्ही कुणाकुणाशी भांडलात, तेही मला उशिरा कळलं. त्याबद्दल भेटल्यावर बोलूच, तेव्हा विषय बदलू देणार नाही.

ता. क. साउंडला नवा मुलगा आलाय. कान चांगला आहे, घाई फार. तुमचा नंबर त्याला दिलाय. अनोळखी नंबर तुम्ही उचलत नाही हे माहीत आहे, पण त्याचा उचला.

तुमची,
कॅमेऱ्यातली पोर