मेंदूत रक्त वाढतं, मग बिघडतं कुठे?

लोकमान्य नगर, इंदूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, थोडी दारू घेतली की मेंदूत रक्त जास्त जातं, मग त्यात वाईट काय?" इतकी वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा याचं उत्तर नीट लिहूनच द्यावं असं वाटलं.

रक्ताचं तू म्हणतोस ते खरं आहे. थोड्या दारूने मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तप्रवाह वाढतो. पण त्या रक्तातली साखर मेंदूने वापरली तरच त्याचा उपयोग. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, आणि एकट्याला ऊर्जा लागते जवळजवळ २० टक्के, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. दारू चढली की नेमका हाच ग्लुकोजचा वापर घटतो. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, तो घटलेला दिसतो. नर्मदेचा नळ धो धो आला म्हणून आपल्या घरी स्वयंपाक होत नाही, चूलही पेटावी लागते.

मग मेंदू चालतो कशावर? यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग अ‍ॅसिटेट. मेंदूवर संशोधन करणाऱ्या नोरा वोल्कोव यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं की नशेत मेंदू ग्लुकोज कमी घेतो आणि हे अ‍ॅसिटेट जास्त उचलतो. सगळ्यात जास्त उचलतो तो लहान मेंदू, जो आपला तोल सांभाळतो. रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीनंतर राजवाड्यापाशी झोकांड्या खाणारी पोरं तू पाहिली आहेसच.

मला खरी भीती वाटते ती सवयीची. रोज भरपूर पिणाऱ्यांच्या कपाळामागच्या भागात, जिथे विचार करून "नको" म्हणायची ताकद असते, तिथे रक्तप्रवाह उलट कमी होत जातो. तुझा हा भाग अजून पुरता पक्का झालेला नाही रे. त्याला पंचविशी उजाडते. दारू सोडल्यावर बरंचसं भरून येतं, पण सगळं येईलच असं नाही.

तुझा रूममेट रोज पितो आणि सोमवारपासून एकदम बंद करणार आहे म्हणालास. त्याचं कौतुक कर, पण एकट्याने करू देऊ नकोस. रोजची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, आणि पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना त्यानंतर भ्रम होतो, त्यात जीवही जातो. त्याला आधी डॉक्टरांकडे ने. किती पितो ते खरं सांगायला लाव, आणि थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाबद्दल विचार. ग्लुकोज जाळायला मेंदूला ते लागतंच, आणि पिणाऱ्यांच्या अंगात ते बहुधा कमी असतं. डॉक्टर काय म्हणाले ते रात्री मला कळव, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई