अठ्ठेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओत दोन मिनिटांची शंका शोधायची कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी दांडिया बाजारात राहणारी एक आजी. नात दहावीला आहे, गुजरात बोर्ड, इंग्लिश मीडियम, मैत्रिणींशी गुजराती आणि माझ्याशी भांडायला मराठी. तिच्या शाळेत हल्ली शिकवलेल्या धड्यांचे व्हिडिओ देतात. फार चांगली गोष्ट आहे हे आधीच सांगते, नाहीतर तक्रारखोर म्हातारी म्हणून पत्र बाजूला टाकाल. ताप आला, कुणाच्या लग्नाला नाशिकला गेलो, तरी धडा बुडत नाही.

पण देतात कसे ते बघा. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचे, तुकडे करून, त्यात तिसरा तुकडा पहिल्याच्या आधी. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं त्यामुळे फळ्यावरची अक्षरं इतकी पुसट की ६ आहे का ८ तेच कळेना, आणि माझा फोन रोज स्टोरेज फुल म्हणून ओरडतो. मग कुणीतरी सांगितलं यूट्यूबवर टाका, तर पहिल्यांदा टाकला प्रायव्हेट, म्हणजे लिंक सगळ्यांकडे आणि व्हिडिओ कुणालाच दिसत नाही. पुढच्या वेळी तो लहान मुलांसाठीचा आहे का या प्रश्नाला हो म्हणून मोकळे झाले, आणि तसं केलं की यूट्यूब कॉमेंट बंद करतं, झालं, मुलांनी शंका विचारायची कुठे? पंधरा वर्षांची घोडी ती, तिला कसलं लहान मूल!

सरांना दोष देत नाही हो. दिवसभर शिकवून रात्री अपलोड करत बसतात बिचारे, त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. प्रकाशाचा धडा चालू होता. नातीला एवढंच हवं होतं की वस्तू बहिर्गोल भिंगाच्या अगदी जवळ, फोकसच्याही आत आणली की प्रतिमा त्याच बाजूला, सुलटी आणि मोठी का दिसते. सरांनी ते सुरेख समजावलंय, मी स्वतः बघितलं, किरण पुढे भेटतच नाहीत म्हणून मागे तुटक रेषा काढून दाखवली, खडूने हळूहळू. पण ते आहे ३१ व्या मिनिटाला. व्हिडिओ ४८ मिनिटांचा, वर नाव काय तर ‘सायन्स ४’. पोरगी बोटाने ती लाल रेघ पुढे मागे करतेय, मधे हजेरी, मधे कुणाची तरी वही राहिली म्हणून बोलणी, आणि जेवण गार.

माझं म्हणणं इतकंच आहे की शाळांनी टाकताना तीन गोष्टी कराव्यात. एक, व्हिडिओ अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसतो, शोधून कुणाला सापडत नाही. वर्गातल्या मुलांचे आवाज आणि नावं त्यात असतात, ती उघड्यावर कशाला? अर्थात लिंक फॉरवर्ड झालीच तर काय करणार, म्हणून कॅमेरा फळ्याकडेच असू दे. दुसरं, खाली वर्णनाच्या जागी वेळ आणि विषय लिहा. पहिली ओळ ०:०० ची आणि अशा निदान तीन ओळी झाल्या की यूट्यूब त्याचे आपोआप भाग पाडतं आणि मुलं नेमक्या जागी जातात, फक्त वेळ इंग्रजी आकड्यांत टाका. पाच मिनिटांचं काम आहे. आणि जमलं तर एका शंकेचा एक छोटा व्हिडिओ, तो १४४ वर, म्हणजे सगळ्यात कमी क्वालिटीवर लावला तरी आवाज नीट येतो, ज्यांच्याकडे घरात एकच फोन आणि दिवसाला दीड जीबी डेटा असतो त्यांनाही परवडतं.

बडोद्याला हे काही नवीन नाही बरं का. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मग १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला बोलावून ग्रंथालयाचं खातं उभं केलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायची, आणि त्याच खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी दाखवणारा दिवा, आणि सिनेमा घेऊन फिरायची, न वाचता येणाऱ्यांना चित्रांतून शिकवायला! म्हणजे व्हिडिओने शिकवणं इथे शंभर वर्षांपूर्वीच झालंय. पण बोर्डन साहेबांनी नुसती पुस्तकं गोळा नाही केली, वर्गीकरणाची खास पद्धत बसवली, का तर हवं ते पुस्तक सापडावं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत सगळी पुस्तकं एकाच ढिगात ओतून ‘पुस्तकं ४’ अशी पाटी लावली असती तर कोण गेलं असतं तिथे?

शेवटी नातीनेच वहीच्या मागच्या पानावर वेळा लिहिल्या. ३१:२० भिंगाच्या जवळ, ३६:०५ फॉर्म्युला, ४१:०० पॉवर. पानाचा फोटो मैत्रिणीला पाठवला, तिने आणखी कुणाला, आणि परवा तोच फोटो शाळेच्या ग्रुपवर फिरत आला, खाली सरांचा अंगठा. वर ०:०० ची एक ओळ घालून तेवढ्या तीन ओळी आता त्यांनी व्हिडिओखाली चिकटवाव्यात, पान नातीकडे आहेच.

आपली,
एक वाचक आजी
दांडिया बाजार, वडोदरा