लोकांना शिस्त नाही म्हणण्याआधी आमचं रजिस्टर बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात साथीच्या रोगांवर लेख आला होता. लेख चांगला होता पण शेवटी लिहिणाऱ्यांनी म्हटलंय की कोरोनात सरकारनं नियम केले, आपल्या लोकांना मात्र शिस्तच नाही. ते वाचल्यापासून डोक्यातून काय जाईना, मशीनवर बसलं तरी तेच, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, फक्त आबांचं जे लिहिलंय तेवढं राहू द्या.

मी सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहते, घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. 2020 मध्ये बचत गटाची अध्यक्ष होते म्हणून ग्राम दक्षता समितीत माझं नाव घातलं. त्यामुळं जे लिहितेय ते जवळनं बघितलेलं आहे.

22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 24 तारखेला रात्री आठला 21 दिवसांचं लॉकडाऊन टीव्हीवर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला आमच्या पोरांनी बाभळी तोडून वेशीत रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या. कुणी ऑर्डर दिली नव्हती. सरपंचांना सुद्धा सकाळी चहा पिताना कळलं. लोक घाबरले होते, आणि घाबरायला कारण होतं. इस्लामपूर आमच्याच जिल्ह्यातलं, तिथं सौदीहून आलेल्या चौघांचे रिपोर्ट 23 मार्चला पॉझिटिव्ह आले आणि बघता बघता घरातले, नात्यातले मिळून आकडा पंचवीसच्या आसपास गेला. तेव्हा इस्लामपूरचा माणूस म्हटलं की विट्यात औषधाच्या रांगेत लोक दोन पावलं मागं सरकायचे, आणि त्या घराबद्दल आणि त्यांच्या धर्माबद्दल मोबाईलवर काय काय घाण फिरत होती ते मी स्वतः वाचलंय, आमच्या गटावर पण आलेलं. त्याच इस्लामपूरनं महिन्याभरात करून दाखवलं. भाग सील केला, संपर्कातला एकेक माणूस शोधून बाजूला काढला, लोकांना दूध-भाजी दारात पोच केली, आणि एप्रिल संपायच्या आत त्यातले बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेले. लोकांनी साथ दिल्याशिवाय हे होतं का सांगा.

आता आमच्या वेशीतल्या काट्यांचं. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत, आमच्याकडं घरटी एक तरी माणूस बाहेर. मे महिन्यात पास मिळायला लागले तशी ती गावाकडं यायला लागली. माझे धाकटे भाऊजी, जाऊबाई आणि सहा वर्षाचा पुतण्या तामिळनाडूतनं निघाले, दोन दिवस गाडीत, वाटेत कुठं पाणी सुद्धा कुणी देईना, आणि रात्री नऊच्या सुमाराला वेशीत आले तर काट्यांच्या अलीकडं आमचीच माणसं काठ्या घेऊन उभी. ज्यांनी दर दिवाळीला भाऊजींच्या हातची मिठाई खाल्ली ती माणसं बॅटरी तोंडावर मारून म्हणत होती, आलात तसं मागं जावा. पोरगं खिडकीतनं मला काकू काकू म्हणून हाका मारत होतं. मी समितीत होते. मी एक शब्द बोलले नाही. आज पाच वर्षं होऊन गेली तरी ते मला खातं.

शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं ठरलं, चौदा दिवस. पहिले तीन दिवस शाळेच्या बाजूच्या रस्त्यानं कुणी जाईना. मी डबा कंपाऊंडच्या भिंतीवर ठेवायची, लांब उभी राहायची, मग जाऊबाई येऊन न्यायच्या. चौथ्या दिवशी आमच्या मास्तरांना सुचलं, त्यांनी शाळेचा फळा बाहेर काढून गेटला टांगला आणि खडूनं लिहिलं, कोण कुठून आलं, किती तारखेला आलं, आज ताप किती, कधी सुटणार. रोज आशाताई ताप मोजायच्या आणि आकडा बदलायच्या. बघा, त्या फळ्यानं सगळं बदललं. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून वाचायला लागला, आज पण ताप नाही, अजून आठ दिवस, अजून सात दिवस. आमच्या गल्लीतले आबा, सख्खे कुणी नव्हेत पण सगळी गल्ली त्यांना आबाच म्हणायची, ते पाचव्या दिवशी सकाळी भिंतीवर अर्धा लिटर दूध ठेवून गेले, पोराला द्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुणी आंबे ठेवले, कुणी भाकरी. चौदाव्या दिवशी काट्या टाकणाऱ्याच पोरांनी भाऊजींच्या बॅगा घरापर्यंत उचलून आणल्या. पुतण्यानं वर्गाच्या भिंतीवर खडूनं रोज एक रेघ मारली होती, त्या चौदा रेघा नंतर रंग देईपर्यंत तशाच होत्या.

माझं माहेर सांगलीवाडीचं, त्यामुळं मला फळ्याचं नवल वाटलं नाही. पावसाळ्यात कोयनेतनं पाणी सोडलं की आमच्याकडं सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, आयर्विनला, म्हणजे सांगलीच्या कृष्णेवरच्या पुलाला, पाणी किती झालं. 40 फूट इशारा, 45 धोका हे शाळेत न गेलेल्या बाईला सुद्धा पाठ असतं. पाणी चढायला लागलं की नदीकाठच्या सखल वस्त्यांतली माणसं स्वतःहून सामान बांधायला लागतात, म्हशी हलवतात, मग गाडी फिरवून भोंगा वाजवायची गरज पडत नाही. कारण आकडा पुलावर सगळ्यांना दिसतो, तो एकच असतो, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं हे आधीपासून माहीत असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा माणसं अडकली ती पण आकड्यानंच, 2005 ला पाणी आलं होतं तेवढंच येईल हे मनात धरून बसली. म्हणजे जुना आकडा धरला की लोक फसतात, आणि आकडाच सांगितला नाही की लोक अंदाजानं वागतात.

2021 मध्ये आमचं नेमकं तेच झालं. एप्रिलपासून ब्रेक द चेन म्हणून ऑर्डरी यायला लागल्या, रात्री उशिरा मोबाईलवर पीडीएफ, आठ-दहा पानं, अशी भाषा की ग्रामसेवकांना सुद्धा दोनदा वाचावी लागायची. किराणा सकाळी सात ते अकरा. त्यामुळं दिवसभर थोडे थोडे येणारे लोक चार तासात सगळे एकदम बाजारात, अंगाला अंग लागत होतं, आणि लोक विचारायचे की अकरानंतरच कोरोना येतो का. ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. लग्नाला 25 माणसं आणि दोन तास, नाहीतर 50 हजार दंड, म्हणून लोक रानातल्या वस्तीवर पहाटे चारला लग्नं लावायला लागले, तिथं दीडशे माणूस. त्याच वर्षी 15 जानेवारीला ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या होत्या, प्रचाराला घरोघरी माणसं फिरलेली. एप्रिलमध्ये पंढरपूरची पोटनिवडणूक, सभांची गर्दी आम्ही टीव्हीवर बघत होतो आणि इकडं माझ्या मशीनच्या खोलीचं शटर अर्धं उघडं दिसलं तरी विचारणा.

मग साताऱ्याकडं वाई तालुक्यात बावधनचं बगाड झालं, म्हणजे यात्रेतला तो लाकडी गाडा, उंच खांबाला बगाड्या, म्हणजे मानाचा माणूस, टांगतात आणि बैल ओढतात, 2 एप्रिल 2021, रंगपंचमी. यात्रेला बंदी होती, तरी पहाटे सोनेश्वरहून बगाड निघालं, हजारो माणूस, आणि शंभरावर लोकांवर गुन्हे, धरपकड. मी त्या गर्दीचं समर्थन करत नाही, तेव्हा साथ कशी वाढत होती ते आम्ही बघत होतो. पण ज्या गावात कौल लावून बगाड्या ठरतो, घरं वर्षभर त्या दिवसाकडं डोळे लावून असतात, तिथं यात्रा रद्द एवढंच सांगून भागत नाही. त्याच्या आदल्या वर्षी वारीचं काय झालं ते आठवा. माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, आमच्या सासूबाईंनी तरडगावचं रिंगण कधी चुकवलं नव्हतं. 2020 ला रस्ता मोकळा. 30 जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. सासूबाई टीव्हीसमोर हात जोडून बसल्या, डोळ्याला पाणी, पण एकदा सुद्धा म्हणाल्या नाहीत की नियम मोडून जाऊ. कारण संस्थानच्या आणि वारकऱ्यांच्या मोठ्या माणसांनी ते मान्य केलं होतं, आणि पादुका गेल्या होत्या. थोडकं का होईना, पण मोडलं नव्हतं. तशी वाट बगाडासाठी गावाला पटेल अशी निघाली असती तर बावधनच्या पोरांवर केसेस झाल्या नसत्या असं मला वाटतं.

आता आबांचं.

मे 2021 मध्ये बऱ्याच जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद केलं, त्यात सांगली-सातारा दोन्ही. पॉझिटिव्ह आला की सेंटरला. ऑर्डर मागं कारण बरोबर असेल, लहान घरात एकाला झालं की सगळ्यांना होत होतं. पण गावात त्याचा अर्थ एकच गेला, टेस्ट केली की उचलून नेतात. आबांना ताप आला. सून म्हणाली टेस्ट करून येऊ, त्यांनी हलायचं नाव घेतलं नाही. का, तर घरापुढं बांबू आणि बोर्ड लागला की दूध कोण घेणार, आणि दोन म्हशींपैकी एक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला धारेला जवळ येऊ द्यायची नाही. सहा दिवस ताप अंगावर काढला. रोज सकाळी तोंडाला टॉवेल गुंडाळून किटली घेऊन जायचे, खोकल्याची उबळ आली की माझ्या खिडकीसमोर बोळात थांबायचे, मागं-पुढं कुणी नाही बघून खोकायचे आणि परत टॉवेल बांधून चालायला लागायचे. मी हे बघितलंय साहेब, दोनदा बघितलंय, आणि म्हटलं म्हाताऱ्याला तंबाखूचा ठसका लागला असेल. सातव्या दिवशी दम लागला. गाडी करून तीन ठिकाणी फिरवलं, बेड मिळाला तोवर उशीर झाला. आम्हाला तोंड सुद्धा बघायला मिळालं नाही.

ह्या माणसाला शिस्त नव्हती? वर्षभर आधी शाळेच्या भिंतीवर सगळ्यात आधी दूध ठेवणारा हा माणूस. कुणी येऊन एवढं म्हणालं असतं की आबा, चौदा दिवस तुमच्या म्हशी आम्ही बघतो, दुधाचे पैसे बुडणार नाहीत, तर ते पहिल्याच दिवशी स्वतः चालत गेले असते. आणि म्हणायला आम्हीच होतो, दक्षता समिती. पण 2021 मध्ये समितीची एक बैठक सुद्धा झाली नाही, सगळं वरनं, दंड आणि बोर्ड. आम्ही पण कंटाळलो होतो, ते मी लपवत नाही.

पोलिसांबद्दल माझं वाकडं नाही, उन्हात उभं राहून त्यांचे पण जीव गेले. पण काठीनं माणूस घरात जातो आणि ताप सुद्धा घरात लपवतो. हे आजचं नाही. सासूबाई त्यांच्या आजेसासूचं सांगायच्या, गाठीच्या साथीत गावंच्या गावं स्वतःहून रानात खोपी घालून राहायची, घरं मोकळी ठेवायची. आणि पुण्यात त्याच प्लेगमध्ये गोरे सोल्जर घराघरात घुसवले तर लोकांनी आजारी माणसं लपवली, शेवटी जून 1897 मध्ये तिथल्या प्लेगच्या अधिकाऱ्यावर, रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. साथीचा कायदा पण त्याच 1897 सालचा, कोरोनात तोच लावला होता. त्याच साली मार्चमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांना मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात पोचवताना स्वतः प्लेगनं गेल्या.

ऑगस्ट 2021 ला राज्यात बऱ्याच ठिकाणी मोकळीक मिळाली तेव्हा आमच्यासह अकरा जिल्हे मागं राहिले. जुलैच्या महापुरात दुकानं बुडालेली, वर बंदी. तेव्हा सांगलीचे व्यापारी चिडले त्यात नवल काय. किती पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर टेस्टमागं किती पॉझिटिव्ह, आली की आपलं उघडणार हा आकडा एखाद्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहून चौकात लावला असता तर लोकांनी तो आयर्विनसारखा रोज विचारला असता.

आता पुन्हा साथ येईल तेव्हा येईल. माझी मागणी एवढीच की प्रत्येक गावात आत्ताच बसून ठरवा, फळा कुठं लावायचा, शाळेत कोण राहणार, एकटी म्हातारी माणसं कुठली, शुगर-बीपीच्या गोळ्या कुणाला लागतात, आणि कुणाच्या घरात माणूस पडला तर धार कोण काढणार. आमच्या समितीचं 2020 चं रजिस्टर अजून माझ्याकडं आहे, दोनशे पानी वही, कोण कुठनं आलं, कुणाला काय लागलं सगळं लिहिलेलं. ग्रामपंचायतीत द्यायला दोनदा गेले, कपाटात जागा नाही म्हणाले. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कुठल्याही साहेबांना बघायचं असेल तर मी आणून देईन. पान नंबर 31 वर माझ्याच अक्षरात आहे, आबा, दूध अर्धा लिटर, शाळेत, दहा दिवस, पैसे घेतले नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक
ता. खानापूर, जि. सांगली